चाकापर्यंत पोचलेली ताकद

कुंडलिकने जीप गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनच्या रोलरवर चढवली, मागची दोन्ही चाकं खोबणीत बसल्याचा धक्का जाणवताच इंजिन बंद केलं आणि किल्ली तशीच ठेवून तो खाली उतरला.

"तुमचं चालू द्या, भाई," तो मशीनवाल्या गौसला म्हणाला. "मी भाईर थांबतो."

आणि खरोखरच तो फाटकाबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्याबरोबर आलेली त्याची वहिनी, सारजाबाई, मात्र हलली नाही. मशीनच्या पडद्यासमोरच्या लोखंडी स्टुलावर ती पदर सावरून बसली होती. पडद्यावर अजून काहीच नव्हतं, तरी ती त्याच्यावरून नजर काढत नव्हती.

गौसचा जीव सकाळपासून मेटाकुटीला आला होता. सोलापुरात एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभं राहणं हीच एक शिक्षा. त्यात सकाळी एक गिऱ्हाईक पुण्याहून काढून आणलेला आकडा नाचवत भांडून गेलं होतं. तिथं एकशे चाळीस हॉर्सपॉवर, मग इथं एकशे तीसच का? किती वेळा समजावणार? मशीन काही इंजिनात शिरून बघत नाही. चाकापर्यंत जेवढी ताकद पोचते तेवढीच रोलरला कळते, वाटेत किती गळाली ते अंदाजाने मिळवायचं असतं. टायरमध्ये हवा कमी असली, गाडी बांधायचे पट्टे जास्त आवळले, वारं तापलेलं असलं, की आकडा हलला. गिऱ्हाईक म्हणालं, तुमचं मशीन भंगार आहे. हे ऐकून ऐकून गौसला हल्ली त्याचा रागही येईनासा झाला होता.

ही जीप मात्र निराळ्याच कामासाठी आली होती. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातली, भाड्याने माणसं नेणारी वडापची गाडी. दिवाळीनंतर कुंडलिकचा थोरला भाऊ, सारजाबाईचा नवरा अमृत, छातीत कळ येऊन कोसळला, तेव्हा कुंडलिकने त्याला याच गाडीत घालून सोलापूरला आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर वाचला असता. कुंडलिक म्हणाला, पाय तळापर्यंत दाबला होता, गाडीच ओढंना. आणि ज्यांनी गाडी जाताना पाहिली ते म्हणाले, वरात निघाल्यासारखी चालली होती. त्या दिवसापासून सारजाबाई दिराशी बोलत नव्हती. शेवटी घरातल्यांपैकी कुणीतरी तोडगा काढला, गाडीच मशीनवर लावा, ते सांगेल ते खरं. कुंडलिकने हे सगळं फोनवर गौसला एका दमात सांगून टाकलं होतं आणि आज आल्यापासून त्यातलं एक अक्षरही काढलं नव्हतं.

गौसने पट्टे बांधले, मोठा पंखा इंजिनासमोर लावला आणि गाडीत बसला. गिअर चढत गेले तसा शेडचा पत्रा थरथरू लागला. सारजाबाईने कानांवर हात ठेवले, पण मान वळवली नाही.

आवाज निवल्यावर ती म्हणाली, "किती आली?"

"कंपनी पंचाहत्तर सांगते. त्र्याहत्तर आली. एवढी पळालेली गाडी म्हटल्यावर ठणठणीतच म्हणायची."

"म्हंजी गाडी पळत हुती."

गौसने पंखा बंद केला. आकडा सांगणं त्याचं काम, तो कुणाच्या घरात जाऊन कसा पडतो हे बघायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. तरी आज त्याला फाटकाकडे बघवेना.

"मशीन चुकतं का वो?"

हा प्रश्न त्याने आजवर चिडलेल्या माणसांच्या तोंडूनच ऐकला होता. इतक्या हळू, इतक्या आशेने कुणी विचारला नव्हता.

"चुकतं, ताई. थोडाफार फरक कधीही पडतो."

"मग चुकू द्या की."

"म्हणजे?"

"अजून एकदा लावा. कमी येऊ द्या." तिने फाटकाबाहेरच्या पाठीकडे पाहिलं. "सा म्हयनं झालं, भावजी मान वर करंनात. मी बोलत न्हाय म्हनून पोरंबी बोलंनात. मला वाटलं हुतं, मशीननं सांगितलं की तोंडावर काय ते बोलून मोकळी व्हईन. आता सांगितलंय, तर तोंडच उघडंना. एका घरात दिस काढायचं हायती, भाई. ह्यो राग मला आता उचलत न्हाय."

आकडा वाढवून मागणारे गौसला ढिगाने भेटले होते आणि त्याने एकेकाला वाटेला लावलं होतं. कमी मागणारं हे पहिलंच माणूस. तो मागच्या चाकाशी बसला, दोन्ही टायरमधली हवा थोडी सोडली, पट्टे अंगातली सगळी ताकद लावून आवळले. पंखा बाजूला सरकवला आणि कुंडलिकला हाक मारली.

"या. तुमच्यासमोर एकदा लावतो."

कुंडलिक आला आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकला. पुन्हा पत्रा थरथरला, पुन्हा शांत झाला.

"एकसष्ट," गौस गाडीतून उतरत म्हणाला. "पंचाहत्तरला एकसष्ट. गाडी दमलीय, भाऊ. तुम्ही पाय कितीही दाबला असता तरी ओढली नसती."

खोटं इतकं सहज तोंडून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

कुंडलिक आकड्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर मागच्या चाकावर गेली. टायर रोलरवर दबून फुगला होता. सगळं आयुष्य याच गाडीवर गेलेला माणूस, त्याने पुढे होऊन पट्ट्यावर तळहात दाबून पाहिला. पट्टा जराही लवला नाही. त्याने गौसकडे पाहिलं. गौस फडक्याला हात पुसत होता, मघाशीच पुसलेले.

"वैनी," कुंडलिक म्हणाला. "वैनी, त्या दिशी मी..."

"एकसष्ट आली न्हवं?" सारजाबाई पडद्याकडेच बघत म्हणाली. "मशीन कशाला खोटं बोलंल?"

कुंडलिक चाकाशी खाली बसला. खांदे हलू लागले, पण आवाज येत नव्हता. गौस पट्टा सोडायला पुढे झाला, तशी त्याने हात आडवा केला. पट्ट्याची कडी तो स्वतःच ओढू लागला. डोळ्यांना दिसत नसावं, बोटं भलतीकडेच जात होती, तरी तो हिसके देत राहिला.

सारजाबाई स्टुलावरून उठली आणि त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"सावकाश सोडा, भावजी," ती म्हणाली. "घाई न्हाय."