न फोडलेले गोरो

वुर्झा ही दिरमीचीच बोली ठरली, तर टांकोचे भले होणार होते. वुर्झा जमातीची माणसे धरून दिरमीचा आकडा सरकारने आखलेल्या रेषेच्या वर जाणार, शाळेत पहिले पुस्तक दिरमीतून येणार, आणि ते शिकवायला टांकोचा मुलगा बितरूस, जो सहा वर्षे चिंचेखाली पत्ते पिसत बसला होता, मास्तर होणार. वुर्झा वेगळी भाषा ठरली, तर पुस्तक वुर्झात निघणार. मग लाराबा कुंभारणीची नात जुम्माई, जी आजीला बाजारात चालणाऱ्या हौसा भाषेतून उत्तरे द्यायची, आजीच्या भाषेत वाचायला शिकणार. टांकोने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या होत्या. लाराबाने एकच पाहिली होती.

हे ठरायचे होते त्या दिवसांत एकदा लाराबा अंगणात मडक्याच्या बुडाला लाकडी चोपणे मारत होती. समोर वुर्झा वेगळी की बोली हे ठरवायला आलेला ओसारो, दक्षिणेकडच्या विद्यापीठातला तरुण संशोधक, आवाज टिपणारे यंत्र चालू करून बसला होता. मध्ये टांको, शाळेचा निवृत्त कारकून, दुभाषा म्हणून. टांको शेजारच्या अंगणात वाढलेला, त्यामुळे दिरमी असूनही वुर्झा त्याला घरच्यासारखी येई. ओसारो विचारी, पाणी, डोळा, कुत्रा, चंद्र. लाराबा सांगे. शंभरातले निम्मे शब्द दिरमीशी जुळत नव्हते आणि ओसारोची मान खुशीत हलत होती.

"साहेब, हिचं काय ऐकता," टांको म्हणाला. "हिचा आजा माझ्या आज्याने मिठाच्या एका टोपलीला विकत घेतला. आमची बटीक ही. बोलते ती आमचीच भाषा, चावून बारीक केलेली. काय गं बटके?"

दिरमी आणि वुर्झा यांच्यात चेष्टेचे नाते होते. दिरमीने मालक व्हायचे, वुर्झाने गुलाम. ज्याची चेष्टा होईल त्याने रागवायचे नाही, उलट दुप्पट वाकायचे. शेवटी मालकाने गोरोची कडू बी फोडून अर्धी गुलामाच्या हातावर ठेवायची, की बोललेले सगळे पुसले.

लाराबा दोन्ही गुडघ्यांवर आली, मातीचे हात जोडले. "खरंय मालक. तुमचीच भाषा. आमचे दात पडले म्हणून अशी फसफसत निघते."

टांको पोट धरून हसला आणि त्याने तिचे बोलणे शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितले, ही चेष्टा आहे एवढे सोडून. ओसारोने लिहून घेतले.

लाराबाने हात पुढे केला. टांकोच्या खिशात गोरो होते. त्याचा फुगवटा तिला दिसत होता.

"अहो मालक, अर्धं राहिलं की."

"देतो गं. पळतंय का?" तो म्हणाला आणि साहेबांना मोटारीपर्यंत पोचवायला उठला.

दीड वर्षाने ओसारोचे पुस्तक आले. मोठ्या शाळेतल्या एका पोराने ते लाराबाला हौसात सांगितले. चाडिक भाषाकुळ, पश्चिम शाखा, दिरमी; आणि खाली बारीक अक्षरात, वुर्झा, दिरमीची झिजलेली बोली, स्वतः बोलणारेही असेच मानतात.

"त्या साहेबाला फोन लाव," लाराबा म्हणाली.

ओसारो फोनवर मोडक्या हौसात नम्रपणे म्हणाला, "आजी, टेपवर तुमचाच आवाज आहे."

ती तशीच टांकोच्या अंगणात गेली. तो बितरूसच्या नव्या पॅंटची इस्त्री पाहत होता.

"तू गोरो फोडलं नाहीस."

"तू हो म्हणालीस."

"चेष्टेत हो नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं असतं रे?"

टांकोने पॅंटची घडी पुन्हा घातली. "पोरगं घरात बसून होतं, लाराबा. तुझी भाषा बोलणारी माणसं किती, पाच?"

"सहा. तुला धरून."

त्यानंतर चार वर्षे ती त्याच्या दारावरून गेली नाही. तेवढ्या काळात पाचांतले चार गेले, म्हातारपणाने. जुम्माई बितरूस मास्तरांच्या वर्गात दिरमी अक्षरे गिरवू लागली.

धुळीच्या वाऱ्यांच्या दिवसांत टांको मेला. चेष्टेच्या नात्यातल्या माणसाने आधी खड्ड्यात उतरून बसायचे, मेलेल्याची टिंगल करायची आणि घरच्यांनी अर्धे गोरो दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही रीत. लाराबा येईल असे कुणाला वाटले नव्हते. ती आली, कमरेचे वस्त्र खोचून उतरली आणि मातीत बसली. काठावर चटईत गुंडाळलेला टांको होता. लोक हसायच्या तयारीने पुढे झुकले.

ती वुर्झात बोलली. "उठा मालक. बटकीचं अर्धं घेऊन कुठं निघालात? मिठाची टोपली परत करते, माझा आजा द्या. आणि दात माझे पडलेत, तुमचे शाबूत होते, तरी तुम्हाला एक खरा शब्द बोलता आला नाही."

कुणी हसले नाही. तिचे बोलणे कुणालाच कळले नव्हते.

"आजी काय म्हणाली?" जुम्माईने हळूच विचारले.

"जुन्या दिरमीत काहीतरी," बितरूस मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून गोरो काढले, दातांनी फोडले आणि अर्धे खाली दिले.

लाराबाने ते तोंडात टाकले आणि चावत राहिली.

बितरूसला नोकरी मिळाली, ओसारोला पदवी, जुम्माईला अक्षरे. वुर्झा कळणारी माणसे कालपर्यंत दोन होती. त्यातले एक चटईत होते आणि दुसरे खड्ड्यातून वर यायला कुणाचा तरी हात शोधत होते.