सन, मन, कोन

लॅपटॉप नसेल तर हजेरी न्हाय, असा कागद आमच्या बी.एड. कॉलेजच्या भिंतीवर लागला, तवाच मी म्हणलं, महानंदे, संपलं तुझं. दुसरं वरीस चालू होतं. पाठाचं टाचण, म्हंजे वर्गात काय आणि कसं शिकवायचं ते, हातानं लिहिलेलं चालणार न्हाय, टाइपच पायजे. शेवटचा पाठ तर भिंतीवर प्रोजेक्टर लावूनच घ्यायचा. मी मोहोळच्या पलीकडनं रोज एसटीनं सोलापूरला येते. छत्तीस वर्सांची बाई. पहाटं भाकरी थापायच्या, गाडी गाठायची, दिसभर तास, सांजच्याला परत. त्यात लॅपटॉपचं हे एक नवीन लेकरू कडेवर.

माझ्या सासूबाईंचं, रंभाबाईंचं, एकच बोलणं होतं. "दोन वर्सं मी शेरडं बगते, तुजी पोरं बगते. तिसरं वरीस मागू नगंस. माजं गुडगं तिसरं वरीस देनार न्हाईत." खोटं काय बोलत होत्या? गुडघे धरून उठताना त्यांचा चेहरा मी रोज बघत होते. म्हणजे मला ह्याच साली पास व्हायचं होतं. नापास झाले तर परत शेरडं, आणि ते बी तोंड मिटून.

पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भावानं, शहाजीनं, त्याचा जुना लॅपटॉप धाडला. बॅटरी अशी की सोलापूर सोडलं की वाटेतली लांबोटी यायच्या आत मान टाकायची. आणि मराठी टाइप करायचं म्हणजे काय सोपं हाय? एका बोटानं अक्षरं हुडकत बसायचं. एक ओळ लिहून होईस्तोवर दूध उतू जायचं, पोरं भांडायची, आणि मी आपली 'ज्ञ' कुठाय म्हणून बघत बसायची.

माझ्याशेजारी बसणारी दानेश्वरी अक्कलकोटची. घरात कन्नड, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळं तिचं बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. ती म्हणाली, "अक्का, टाइप कशाला करत बसता? हे माइकचं बटण दाबा आणि बोला. ते आपोआप लिहितं." तिनं बोलून दाखवलं. एक काना चुकला न्हाय. मला वाटलं, देव पावला.

माझा शेवटचा पाठ सातवीला, व्याकरणाचा होता. न आणि ण. एका अक्षरानं अर्थ कसा बदलतो ते शिकवायचं. सन म्हणजे साल, सण म्हणजे दिवाळी-दसरा. मन म्हणजे आपलं मन, मण म्हणजे धान्याचं जुनं माप. भूमितीतला कोन आणि प्रश्नातला कोण. आता खरं सांगते, लिहिताना माझा ण कधी चुकत न्हाय. बोलताना मात्र आमच्याकडं तो कुणाच्याच जिभेवर येत न्हाय. वर्गात मी जीभ वळवून वळवून म्हणते, पण चार वाक्यांत घाम फुटतो.

पाठाच्या आदल्या दिवशी सांजच्या एसटीत नशिबानं खिडकीची जागा मिळाली. मांडीवर लॅपटॉप, तोंड त्याच्याजवळ, आणि मी उद्याच्या पाठाचे शब्द बोलतेय. शेजारची म्हातारी जरा वेळ बघत राहिली.

"कुनाला बोलतीस गं बाई?"

"यंत्राला."

"ऐकतंय व्हय?"

"ऐकतंय की."

"बरं हाय बाई. आमच्या घरात कोन ऐकत न्हाय."

मला हसायचं बी त्राण नव्हतं. बॅटरी लाल झाली तसं सेव्ह केलं आणि झाकण लावलं. परत एकदा वाचून बघायला पायजे होतं. न्हाय बघितलं. घरी गेल्यावर भाकरी होत्या, धारा काढायच्या होत्या, आणि मग पाठ टेकली ती टेकली.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाहेरचे परीक्षक फाइल घेऊन शेवटच्या बाकावर बसले. सुरुवात बरी झाली. भिंतीवर शब्द आले. मी भिंतीकडं पाठ करून वर्गाकडं तोंड केलं, कॉलेजात तसंच शिकवलंय. तिसऱ्या बाकावरच्या पूनमला उठवलं आणि म्हणलं, वाच.

"सन, सन. मन, मन. कोन, कोन," ती वाचत गेली.

वर्ग हसला. मी मनात म्हणलं, आमच्याकडचीच दिसते पोरगी. "दुसरा शब्द नीट म्हण, पूनम. जीभ वळव."

"सन."

"चूक. पुन्हा."

"सन."

"चूक. लक्ष कुठंय तुझं?"

पोरं बाकं वाजवून हसायला लागली. तिचे कान लाल झाले, डोळे भरले. हळूच म्हणाली, "बाई, तसंच लिवलंय की."

मी वळले. भिंतीवर हातहातभर अक्षरांत सन–सन, मन–मन, कोन–कोन. मी एसटीत जे बोलले होते तेच. यंत्रानं माझं तोंड जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं.

परीक्षक उठले. "बाई, हे तुम्ही स्वतः तयार केलंत?"

पोरगी बरोबर हाय, चूक माझी हाय. एवढंच सांगायचं होतं, काय येळ लागतो? पण डोळ्यांपुढं सासूबाईंचे गुडघे आले, तिसरं वरीस आलं. मी म्हणलं, "मशीनची चूक आहे, सर. त्याला मराठी नीट येत नाही." आहे म्हणलं, नाही म्हणलं. जल्मात एवढं शुद्ध बोलले नव्हते.

सर हसले. "खरंय. या मशिनांना कुठलं मराठी! चला पुढे."

मी पुढचा पाठ रेटला. पूनम उभीच होती. तिला बस म्हणायचं मला सुचलंच न्हाय. घंटा झाली तवा ती आपली आपण बसली.

पन्नासपैकी एकेचाळीस पडले. सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'तंत्रज्ञानाचा वापर चांगला.' दानेश्वरीनं मिठी मारली. मला आनंद व्हायला पायजे होता. झाला न्हाय. नुसतं कुठंतरी बसावं वाटलं.

लॅपटॉप भरून बाहेर आले तर पूनम नळावर बाटली भरत होती. मी जवळ गेले. "तू बरोबर वाचलंस गं. माझंच चुकलं होतं."

तिनं बाटलीचं झाकण लावलं.

"मग तितं का न्हाई सांगितलं, बाई?"

मी लॅपटॉपची पिशवी ह्या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली. ती वर्गाकडं निघाली. व्हरांड्यातनं एका पोरानं तिला हाक मारली, "ए सन-सन!" आणि बाकीची हसली. शाळेत असलं नाव एकदा पडलं की दहावीपर्यंत जात न्हाय. हे नाव मीच ठेवलं होतं.