मौनाच्या तासातली घरघर

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून सुनेकडे असं पाहिलं, जणू दूध तिनंच फितवलं होतं.

चार ते पाच मौन. दारं-खिडक्या बंद, कुणी बाहेर डोकवायचं नाही. रेघवाल्या बाबांचा हा हुकूम अख्खी गल्ली तीन दिवस पाळत होती. पाचला दारं उघडली की मैदानावर ही गर्दी लोटायची. चुन्यानं आखलेल्या मोठ्या गोलात बाबा उघड्या अंगानं बसलेले, आणि अंगावर एक डास नाही.

"डास म्हणजे काय?" बाबा विचारायचे. "उडता संशय. मन स्वच्छ असेल, त्याला चावेल कशाला?"

गोलाबाहेर ज्यांना डास चावत, ते खाजवतसुद्धा नव्हते. खाजवलं की संशयी ठरणार.

गल्लीत तापाची साथ होती. आज तान्ह्या बाळांची पाळी. त्यांना गोलातल्या गवतावर निजवायचं आणि मच्छरदाण्या कायमच्या बाबांच्या स्वाधीन करायच्या. सासूबाईंनी पाच महिन्यांच्या नातीचं नवं झबलं सकाळीच काढून ठेवलं होतं.

बाहेर घरघर सुरू झाली.

"नाद उतरला," सासूबाई मौन विसरून पुटपुटल्या. बाबांनी त्या घरघरीला दैवी नाद म्हटलं होतं.

सून मोटारीच्या यंत्रावर शिवणकाम करायची. मोटारीचा आवाज तिला झोपेतही कळला असता. शिवाय काल दोरीवर विसरलेल्या बाळाच्या लंगोटांवर बारीक तेलकट ठिपके पडले होते, तेही फक्त मैदानाकडच्या बाजूला. यंत्राच्या तेलाचे डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तीनदा धुऊनही या डागांचा उग्र वास गेला नव्हता.

तिनं ओढणी भिजवून नाकातोंडावर घट्ट बांधली.

"कुठं निघालीस? लेकीच्या मुळावर उठलीस का गं?"

"तिच्यासाठीच चाललेय, आई. दार लगेच लावून घ्या."

मैदानावर पांढऱ्या धुराचा लोट होता. धुरात बाबांचा शिष्य: तोंडावर जाड मुखवटा, हातांत रबरी मोजे, खांद्यावर फवारणीचं यंत्र. गोलातलं गवत तो न्हाऊ घालत होता. तिला पाहताच तो यंत्र टाकून पळाला.

पाच वाजता गर्दी जमली, तेव्हा गोलाच्या मधोमध यंत्र होतं, शेजारी रिकामा डबा आणि ती.

"डब्यावर कवटी छापलीय," ती म्हणाली. "खाली लिहिलंय, मुलांपासून दूर ठेवा. याच गवतावर आपली बाळं निजवणार होतो."

"पाहिलंत?" गोलाच्या रेघेवर येऊन उभे राहिलेले बाबा हसले. "संशय बोलतोय."

"मग उद्या आम्ही दारं उघडी ठेवतो. चार ते पाच तुम्ही गोलात बसा. मुखवट्याशिवाय."

बाबांनी रेघेवरचा पाय हळूच मागं घेतला. गर्दीत कुणीतरी कराकरा खाजवलं. तो कोपऱ्यावरचा न्हावी होता.

"मला रोज चावतात," तो म्हणाला. "लाजेनं बोललो नाही."

मग त्याच्या बायकोनं पोटरी खाजवली, मग शेजारच्या मास्तरांनी मान, आणि बघता बघता सगळं मैदान खाजवू लागलं. त्या गडबडीत बाबा कधी सटकले, कळलंच नाही.

"हा धूर उडते डास मारतो, तेवढ्यापुरतेच," ती म्हणाली. "साचलेल्या पाण्यातून पुन्हा नवे येतात. पिंपं रिकामी करा, बाळांना जाळीत निजवा, ताप आला तर डॉक्टरकडे न्या. डास चावला तर खाजवा आणि शंका आली तर विचारा. दोन्हींत लाज कसली?"

सासूबाईंनी नातीला पदराखाली घेतलं आणि त्या गवतापासून चार पावलं मागं सरल्या.

तेवढ्यात सुनेची थोरली लेक बरणी घेऊन आली. बरणीत तिनं पाळलेला सुरवंट. "घरात किडे नकोत," म्हणून सासूबाई कुरकुरल्या, तेव्हा आज चारच्या आधी आईनंच बरणी मैदानाकडच्या कठड्यावर ठेवली होती. झाकणाला हवेसाठी भोकं होती. सुरवंट तळाशी आक्रसून निपचित पडला होता.

"आई, लंगोट धुताना तुला कालच शंका आली होती ना?"

"हो, बाळा."

"मग याला बाहेर का ठेवलंस?"