आसीच्या पाण्यात दोन विहिणी

बेरूतपासून दूर, नदीकाठच्या हरमलच्या वर्दियाची मुलगी लमा आणि समुद्रकाठच्या सरफंदच्या नुहादचा मुलगा नाजी यांचं लग्न ठरलं, पण ते करायचं कुठे यावर दोन्ही विहिणींचं काही केल्या जमेना. नुहादला समुद्रकाठचा हॉल हवा होता. वर्दियाला आसी नदीच्या काठावरचं आपलं अंगण. शेवटी पोरांनीच डाव रचला. दोघींना राफ्टिंगला पाठवायचं आणि रात्री एका तंबूत झोपवायचं. "एक तर मैत्रिणी होऊन येतील," नाजी म्हणाला, "नाही तर एकटीच कोणीतरी येईल."

दोघी कबूल झाल्या, कारण आधी नाही म्हणायचा कमीपणा कोणीच घेईना.

नदीवर येऊन नुहादने हेल्मेटखाली ओढणी नीट केली आणि पाण्याकडे पाहिलं. "एवढीच का? आमच्याकडे एवढं पाणी अंगण धुताना सांडतं."

"बसून तर बघा, विहीणबाई. तुमचा समुद्र जागच्या जागी डुलतो. आमची आसी कुठेतरी जाते."

होडी वर्दियाचा भाचा हसीब नेणार होता. वर्दियाने त्याला झाडामागे घेतलं. "लहान धबधब्यावरून नको. मोठ्यावरून ने. यांची जीभ जरा भिजू दे."

"आत्या, तू कधी बसलीयेस का होडीत?"

"जन्म गेला माझा या काठावर."

"काठावर," हसीब म्हणाला. वर्दियाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो वल्हं आणायला निघून गेला. तिकडे नुहाद त्याची वाटच पाहत होती. "बाळा, पुढे बसलेल्याला जास्त पाणी लागतं ना? मग तुझ्या आत्याला पुढे बसव. यजमानीणबाई आहेत, मान त्यांचा."

अशी होडी निघाली. पुढे वर्दिया, मधे नुहाद, मागे हसीब. सुरुवातीच्या खळखळाटात दोघी हसत होत्या. बर्फासारखं पाणी तोंडावर आलं की वर्दिया मागे वळून विचारायची, "विहीणबाई, अंगण धुऊन झालं का?" नुहादही काही कमी नव्हती. ती वल्ह्याने मुद्दाम वर्दियाच्या पाठीवर पाणी उडवायची आणि वर म्हणायची, "चुकून हं."

मग वळण आलं आणि पुढची नदी दिसेनाशी झाली. नुसता आवाज.

"हसीब," वर्दिया हळूच म्हणाली, "लहान धबधबा कुठे राहिला?"

"मागे राहिला, आत्या. तूच म्हणालीस ना."

होडीचं तोंड खाली गेलं. त्या क्षणी दोघी एकदमच ओरडल्या. वर्दिया म्हणत होती, "सरफंदला करा लग्न, पण मला धरा!" आणि नुहाद म्हणत होती, "हरमलच चालेल, आधी हे थांबव!" त्यानंतर होडी उलटली, आणि दोघींच्या तोंडात पाणीच पाणी.

अंगावरच्या लाइफ जॅकेटांनी त्यांना तरंगवत नेलं. खालच्या अंगाला एका झाडाची मुळं वर्दियाच्या हाती लागली. नुहादच्या हाती वर्दियाची बाही होती.

"सोडू नकोस गं. मला पोहता येत नाही."

"समुद्रकाठची ना तू?"

"समुद्राकडे बघायचं असतं. आत कोण जातं?"

"बरं. मी तरी आधी कुठे होडीत बसले होते," वर्दिया म्हणाली, आणि मुळांना लोंबकळत दोघी इतक्या हसल्या की पुन्हा सुटता सुटता वाचल्या. हसीब उलट्या होडीला धरून हात हलवत वळणापलीकडे दिसेनासा झाला.

वर चढल्या तो समोर कुणाचातरी तंबू. निखाऱ्यांवर जाळीत ट्राउट मासे, दोरीवर वाळलेले फुटबॉलचे शर्ट, आणि माणूस एकही नाही. झाडांपलीकडून पोरांच्या पोहण्याचा गोंधळ ऐकू येत होता. दोघी कुडकुडत उभ्या राहिल्या.

"मासे करपतायत," वर्दिया म्हणाली.

"नुसते उलटू या."

मासे उलटले. शिजलेत का पाहायला एक मोडला. एकावरून नीट कळेना, म्हणून दुसरा. आधी तंबूत शिरून कोरडे शर्ट चढवले होते, त्यामुळे आता जरा निवांत बसता येत होतं. लसणाची चटणी सापडली, भाकरी सापडली.

पोरं परत आली. बेरूतच्या कॉलेजातली पाच जणं. पाठीवर आकडे असलेल्या दोन मावश्या आणि माशांचे काटे पाहून ती जागीच थबकली.

"मावशी, ते मासे…" एकाने धीर केला.

नुहादने शांतपणे बोटं पुसली. "निखारे असे उघडे टाकून जातात का? वारा सुटला असता तर तंबू पेटला असता. आई काय म्हणाली असती तुझी?"

पोरगा खाली बघायला लागला.

"आणि लिंबू कमी होतं," वर्दिया म्हणाली.

हसीब होडी ओढत, त्यांना हाका मारत तिथे पोहोचला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. पोरं दोघींना चहा करून देत होती आणि वर्दिया त्यांना माशाला मीठ-लिंबू कसं लावायचं ते शिकवत होती. तिने हसीबला बाजूला घेतलं. "धबधब्यावर काही ऐकलंस का?"

"काही नाही, आत्या. पाण्याचा आवाज केवढा."

त्याने सगळं ऐकलं होतं. आठवडाभरात हरमलच्या प्रत्येक घरात ते पोहोचलं. आम्हालाही त्याच्याकडूनच कळलं.

ठरल्याप्रमाणे रात्र तंबूत काढून दोघी दुसऱ्या दिवशी घरी आल्या, तेव्हा लमा आणि नाजी डोळे मोठे करून बघत राहिले, कारण भांडण संपलं नव्हतं, नुसतं फिरलं होतं. नुहाद म्हणत होती, लग्न हरमललाच, मी शब्द दिलाय. वर्दिया म्हणत होती, शब्द मीही दिलाय, सरफंदला म्हणजे सरफंदला. दोघीही ऐकायला तयार नव्हत्या, आणि आता तर एकमेकींना अगं-तुगं करत होत्या. लमा आणि नाजीने महिनाभर वाट पाहिली, मग कंटाळून लग्न बेरूतला उरकलं. त्या हॉलमध्ये दोन्ही विहिणी एकाच टेबलाशी बसल्या, आणि जेवणात मीठ नाही यावर दिवसभर त्यांचं एकमत होतं.