छाटणीतून वाचलेली पाइनची सुई

मी एक जुनी सुई आहे. शिवणाची नव्हे, मित्रांनो. पाइनच्या झाडाचं पान. आमची पानं अशीच बारीक नि टोकदार असतात. दिंडोरीकडच्या एका गावात, रंगनाथरावांच्या बंगल्यासमोर, झाडाच्या शेंड्याजवळ मी राहते. रंगनाथराव नावाजलेले द्राक्ष बागायतदार. आपल्याला सगळं कळतं, हा त्यांचा जुना आजार.

मनालीच्या सहलीहून त्यांनी आमचं रोप आणलं, ते झाडाच्या प्रेमाने नाही, शेजाऱ्याच्या दारात तसलं नव्हतं म्हणून. पाहुणे यायचे, झाडाला खेटून उभे राहून फोटो काढायचे आणि फोटोत स्वतःचंच तोंड न्याहाळायचे.

आम्ही करतो काय, हे एकानेही विचारलं नाही. आमच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून उन्हातही पाणी जपून राहतं. आम्ही दोन-तीन वर्षं टिकतो आणि कडक थंडीतही झाडाला जेवू घालतो. गळून पडलो तरी मुळांवर पांघरूण घालतो. ते पांघरूण रंगनाथराव रोज झाडून पेटवून द्यायचे.

ऑक्टोबरात गावभर द्राक्षांची छाटणी निघाली. वेलीची पानं काढायची, काडी छाटायची, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, फुटीसाठी औषधाची पेस्ट लावायची, की थोड्याच दिवसांत हिरवे फुटवे दिसतात. बागेतून परतताना रंगनाथरावांची नजर आमच्यावर गेली.

"लय माजलंय हे. छाटून देतो, म्हंजे जोमात फुटंल."

"अहो, ते काय द्राक्ष हाय का?" त्यांच्या पत्नी लंकाबाई म्हणाल्या.

"झाड ते झाड. छाटणी मला शिकवू नको."

त्यांनी माझ्या बहिणी मुठीमुठीने ओरबाडल्या. फांद्या छाटल्या. वर पेस्टही फासली. द्राक्षाच्या मांडवाइतक्या उंचीवर त्यांचा हात थांबला, म्हणून शेंड्याजवळच्या आम्ही तेवढ्या वाचलो. अक्कल तर त्याच्याही खालीच थांबली होती.

मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते बोडक्या फांद्यांवर फुटवे शोधू लागले. पाइनची जुनी फांदी पानांवाचून उघडी पडली की पुन्हा फुटत नाही. खालच्या फांद्या एकेक करून वाळल्या. एवढ्या मोठ्या झाडाचं पोट आता आम्हा मूठभर सुयांवर होतं. मला भीती वाटायची. सगळी थंडी आम्ही मिळेल तेवढं ऊन घेतलं आणि खाली पोचवत राहिलो.

उन्हं तापू लागली तेव्हा रंगनाथराव कुऱ्हाड घेऊन आले. "खोटं रोप दिलं त्या मनालीवाल्यानं."

"थांबा की," लंकाबाईंनी वर बोट दाखवलं. "शेंड्याला कोंब आलाय."

खरंच आला होता. रंगनाथराव मान वर करून बघत राहिले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"बघ. छाटणी लागू पडली. आता ऑक्टोबरात शिडी आणतो, शेंडाबी घेऊ. दुप्पट फुटंल."

कुऱ्हाड परत गेली, एवढ्यावरच लंकाबाई खूश होत्या.

मित्रांनो, झाडांची काळजी घ्या असं तुम्हाला शाळेत सांगतात. मी म्हणते, आधी झाड कोणतं आहे ते तरी विचारा. ते जमत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि तुमच्यातलं कोणी दिवाळीआधी दिंडोरीकडे आलं, तर आमच्या रंगनाथरावांची शिडी कुठेतरी लपवून ठेवा.