नाव घेणारा कर्णा

मित्रांनो, मला बघून आधी सगळ्यांना हसूच येतं. एका बाजूला वाटीएवढं तोंड, दुसऱ्या बाजूला सुपाएवढं, आणि मधे एक मोठा पोचा. मी एक जुना कर्णा आहे. पत्र्याचा. मला वायर नाही, बॅटरी नाही. माणसाने बारीक टोकाला तोंड लावायचं आणि बोलायचं. बाकी काम माझं.

कर्णा होण्याआधी मी घासलेटचा डबा होतो. कर्जतच्या बाजारात लडकू पत्रेवाला बसायचा. त्याने मला उभा कापला, गोल वळवला आणि सांध्याला डाग दिला. ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो आबाजी समोर उकिडवा बसला होता. आबाजी कळंबचा. मुंबईला गिरणीत होता, पण छाती धरायला लागली म्हणून गावी आला आणि सायकलीचं दुकान टाकलं.

"आतून घासून दे रं," तो म्हणाला. "घासलेटची चव येल तोंडात."

"तुला भाषण करायचं हाय का जेवायचं हाय?" लडकू म्हणाला.

चव गेली नाहीच. पुढे ज्यांनी ज्यांनी मला तोंड लावलं त्या सगळ्यांनी आधी तोंड वाकडं केलं आणि मग भाषण केलं.

आबाजीच्या जोडीला चंद्राबाई होती, दहिवलीची. नवरा लवकर गेलेला. शिवणकामावर घर चालवायची. चौथी शिकलेली, पण तिच्याशी वाद घालायला वकील पण दोनदा विचार करेल. या दोघांनी लोकजागृती मंडळ काढलं. लोक त्याला बोंब मंडळ म्हणायचे. मंडळात खरं तर हे दोघंच, आणि तिसरा मी.

काम काय, तर मत द्या म्हणून सांगायचं. कोणाला द्या ते कधीच नाही. हे लोकांना पटायचंच नाही. एकदा लोधिवलीला हायवेच्या कडेला आबाजी माझ्यातून बोलत होता. चहावाल्याने विचारलं, "कोनाचा मानूस रं तू?"

"कोनाचाच नाय."

"मग तुला चहा कोन पाजतो?"

"तू पाज."

आणि त्याने पाजला. ते दिवस मला फार आवडायचे. बाजाराच्या दिवशी कळंब, मग चौक, मग खालापूर. सायकलच्या दांड्याला मला बांधलेलं असायचं. चंद्राबाईची बोलायची पाळी आली की ती मताबरोबर दुसरंही विचारायची. भात लावायला पुरुष आणि बाई एकाच चिखलात उभे राहतात, मग बाईला मजुरी कमी का? असं विचारलं की पुढची माणसं घसा खाकरायची आणि मागच्या बायका हसायच्या. माझी तारीफ पण व्हायची. काय आवाज आहे, म्हणायचे. मी फुगायचो. पत्रा फुगत नाही, पण मी फुगायचो.

मग माळवाडीचं प्रकरण झालं.

माळवाडी म्हणजे कळंब गावाच्या वरच्या अंगाची वस्ती. सगळे मजूर. उन्हाळ्यात तिथल्या बायका ओढ्यात खड्डा खणायच्या आणि वाटीने पाणी हंड्यात भरायच्या. पंचायतीतून एक विहीर यायची होती, पण ती कुठे खणायची ते पंच ठरवणार. म्हणून माळवाडीने आपला हिरू निवडणुकीला उभा केला. समोर भिवाजीचा माणूस. भिवाजी म्हणजे गावातला मोठा जमीनवाला. अर्धी माळवाडी त्याच्याच शेतात राबायची.

मतदान शाळेत होतं. माळवाडीच्या बायका सकाळीच रांगेला लागल्या. सगळ्यात पुढे गौराबाई. आतल्या साहेबाने तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. मग त्याने नवऱ्याचं नाव विचारलं, आणि तिने पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, तुम्हाला हे कदाचित वेडेपणाचं वाटेल. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायच्या. गौराबाईच्या नवऱ्याचं नाव कोंडाजी. म्हणून ती जन्मभर भाताच्या कोंड्याला पण कोंडा म्हणाली नव्हती. 'भाताचं वरचं' म्हणायची. कोंबड्यांना भाताचं वरचं, म्हशीला भाताचं वरचं. वाडीतल्या पोरी मुद्दाम विचारायच्या, मावशी, ह्याला काय म्हणतात गं? तर ती पोरींच्या पाठीत धपाटा घालायची.

यादीत गौराबाई दोन-तीन होत्या. साहेब परगावचा, त्याला कोण कुठली ते काय कळणार? भिवाजी तिथे उमेदवाराचा माणूस म्हणून बसला होता. गावातल्या बायका आल्या की तो स्वतःच सांगायचा, ही अमक्याची, ही तमक्याची. त्या आत गेल्या. माळवाडीची बाई आली की तो म्हणायचा, "मी नाय ओळखत. नाव सांगू दे तिला." ज्या बाया त्याच्याच बांधावर उभ्या राहून भात कापायच्या, त्यांना तो ओळखत नव्हता. हिरूने आपला माणूस आत बसवायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बाया एकेक करून परत गेल्या.

हिरू थोडक्यात पडला. विहीर भिवाजीच्या आंब्यांजवळ खणली गेली.

आबाजी फार चिडला. दुसऱ्या दिवशी वाडीवर गेला आणि माझ्यातून बायकांनाच बोलला. अडाणीपणा सोडा म्हणाला. विहीर तुमच्या जिभेने घालवली म्हणाला. बायका खाली बघत राहिल्या. माझ्यातून बाहेर पडलेला एवढा कडू आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

चंद्राबाईने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "आबाजी, तुझ्या बायकोचं नाव काय रं?"

"त्याचा काय संबंध?"

"सांग की. चारचौघांत."

आबाजी घरी बायकोला 'अगं' म्हणायचा आणि बाहेर 'आमच्या घरातली'. बायका हसायला लागल्या, आणि शेवटी तोही हसला. पण नाव त्याने सांगितलं नाहीच.

"बघ," चंद्राबाई म्हणाली. "तुझीच जीभ उचलत नाय आनि ह्यांना शानपन शिकवतो."

पुढची निवडणूक जवळ आली तशी ती वाडीवर जास्त यायला लागली. दुपारी गौराबाईच्या ओटीवर बायका जमायच्या. चंद्राबाई म्हणाली, "लग्नात घेतलंस ना गं नाव? तवा मेला का तो?"

"ते उखान्यात."

"मग उखान्यातच घे."

"देवाबामनापुढं घेतलं ते. सायबापुढं कसं घेऊ?"

कोणी ऐकेना. मग गौराबाईची नजर माझ्यावर पडली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मला उचललं, तोंड वाकडं केलं, आणि माझ्यात तोंड घालून हळूच म्हणाली, "कोंडाजी."

तिने हळू म्हटलेलं माझ्यातून ओढ्यापर्यंत गेलं. पलीकडे लाकडं फोडणारा कोंडाजी कुऱ्हाड तशीच धरून उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्याने आपलं नाव तिच्या तोंडून दुसऱ्यांदाच ऐकलं असेल.

"अगं, घेतलंस की," चंद्राबाई म्हणाली.

"मी कुठं घेतलं? ह्यानं घेतलं." गौराबाईने मला थापटलं. "पाप लागंल तर पत्र्याला लागंल."

झालं. मग सगळ्याच बायका रांगेने आल्या. मित्रांनो, त्या दुपारी मी माळवाडीच्या सगळ्या नवऱ्यांची नावं घेतली. मला पाप लागलं की नाही माहीत नाही. पोचा मात्र त्याच दिवशी पडला, हसता हसता कोणाच्या तरी हातातून सुटलो म्हणून.

मतदानाच्या दिवशी गौराबाई मला कडेवर घेऊन आली, बरोबर चंद्राबाई होती. शाळेच्या आवाराबाहेर पोलिसाने काठी आडवी धरली.

"बाई, कर्णा आत नाही जायचा."

"का?"

"प्रचाराचं सामान आत चालत नाही. आणि ह्या मंडळवाल्या बाई पण नकोत."

चंद्राबाईचा चेहरा उतरला. तिला सगळं सुचलं होतं, हे एवढंच सुचलं नव्हतं. बायकांना तिने नाव घ्यायला शिकवलं ते माझ्यातून, आणि मी आत जाणार नव्हतो. मला चिंचेच्या बुंध्याला टेकवून ठेवलं. गौराबाईने एकदा मागे वळून बघितलं. मला हात असते तर मी दाखवले असते.

चिंच शाळेच्या दारासमोरच होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं, थोडंफार दिसलंही. साहेब नवीन होता, भिवाजी तोच. या वेळी हिरूने पण आपला माणूस बसवला होता, पण भिवाजीने आधीच सांगून ठेवलं होतं की त्याचा शब्द मी मानत नाही, बाईने स्वतः सांगावं.

"नवऱ्याचं नाव?" साहेबाने विचारलं.

काही नाही.

"बाई, नाव सांगा."

काही नाही. कोंडाजी माझ्याजवळच बसला होता. त्याने कपाळाला हात लावला.

"वेळ जातो सायेब," भिवाजी म्हणाला. "पुढची बोलवा."

"जाऊ दे वेळ," साहेब म्हणाला. "सांगतील त्या."

मित्रांनो, तो साहेब थांबला. त्याने दुसरं काहीच केलं नाही. पेन खाली ठेवलं असावं, कारण टेबलावर टक् वाजलं.

मग गौराबाईचा आवाज आला. तिचा स्वतःचा. आधी जरा फाटलेला, मग सरळ.

"सुपात घेतलं भात, पाखडलं अंगनात,
कोंडाजीरावांचं नाव घेते शाळंच्या दारात."

रांगेत खसखस पिकली. भिवाजी उठला. "हे काय लगीन हाय का? आनि राव कोन? यादीत नुसता कोंडाजी हाय. माझ्या शेतावर हाय तो, राव कवापासून झाला?"

"म्हणजे तुम्ही ओळखता त्याला," साहेब म्हणाला.

भिवाजी खाली बसला.

"राव आपण सोडून देऊ," साहेब म्हणाला. "बाकी नाव जुळतं. बाई, बोट पुढे करा."

त्यानंतर एकेक बाई उखाणा घेत गेली. गावातल्या ज्या बायकांची नावं भिवाजी स्वतः सांगायचा, त्याही म्हणायला लागल्या, आमचं आमी सांगतो. मतदान इतकं रेंगाळलं की साहेबाला डबा खायला फुरसत मिळाली नाही. गौराबाई बाहेर आली तेव्हा कोंडाजी उठून उभा राहिला. "राव कशाला लावलंस गं?" त्याने विचारलं.

"दुसरं कोन लावनार तुमाला?" ती म्हणाली, आणि मला उचलून चालायला लागली.

हिरू निवडून आला. विहीर लगेच नाही आली, पंचायतीतली भांडणं मिटवण्यात आणि विहिरीचा लाल दगड फोडण्यात बराच काळ गेला. पण आली. माळवाडीतच.

नंतरचं माझं आयुष्य सांगण्यासारखं नाही. जीपवर लाउडस्पीकर आले. त्यांचा आवाज मोठा, आणि ते 'कोणाला' द्या तेही सांगायचे, त्याचे पैसे मिळायचे. आबाजीची छाती त्याला घेऊन गेली. चंद्राबाई डोळ्यांनी अधू झाली आणि दहिवलीला भाच्याकडे जाऊन राहिली. जाताना तिने मला गौराबाईकडे दिलं. तेव्हापासून मी इथे पोत्यात भात ओतायच्या कामाला येतो. बारीक तोंड पोत्यात, मोठं वर. गंज चढलाय. कोंबडी एकदा माझ्यात अंडं घालून गेली. बोलत मात्र कोणी नाही.

परवा मतदारांची यादी करणारे मास्तर दारात आले होते. घरात नवी सून आली आहे. "सूनबाईंचं पूर्ण नाव काय?" त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं. गौराबाईचा मुलगा सखा आतून शर्ट घालत बाहेर आला आणि पटकन म्हणाला, "लिहा, जया. जया सखा..."

"तुला इचारलं का रं?" गौराबाई म्हणाली.

"अगं आये, लोकल चुकंल माझी."

"तू जा लोकलला. तिला तोंड हाय."

सून मान खाली घालून उभी. मास्तर घड्याळ बघायला लागले. गौराबाईने त्यांना पाट दिला, पाणी दिलं, आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. कोणी घाई केली नाही. सखाही चपला घालून तिथेच थांबला.

मित्रांनो, मला घासून-पुसून ठेवा, मी काही नाही म्हणणार नाही. पण माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्त जपा. कोणी बोलायला वेळ लावत असेल तर त्याच्या वतीने तुम्ही बोलून टाकू नका. थांबा जरा.

आम्ही पण थांबलो होतो. मग जयाने मान वर केली.