बंद केलेली गोळी

छापखान्यात प्रुफं तपासून ताईची नजर अशी तयार झाली होती, की कागद हातात आला की तिला आधी चूक दिसायची, मग मजकूर. रेल्वेची वेळापत्रकं, परीक्षांचे निकाल, दरपत्रकं. एक आकडा इकडचा तिकडे झालेला दिसला तरी ती अख्खा रकाना पुन्हा तपासायची. घरी ती आणि तिचा भाऊ, दोघंच. भाऊ सव्वासहा फूट उंच, पन्नाशीला टेकलेला, पण लहानपणी पडलेलं छोट्या हे नाव काही सुटलं नव्हतं. तो इमारतींना काचा बसवायचा. डायबेटिस निघाल्यापासून त्याचं पथ्य, औषधं, रिपोर्टांची फाइल, सगळं ताईने अंगावर घेतलं होतं. "माझी साखर ताईकडे असते," असं तो कामावर हसत सांगायचा.

यंदा त्याच्या पायांवर सूज दिसायला लागली, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी त्याला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या तरुण होत्या, बोलायला शांत. छोट्या रक्त द्यायला खाली गेला आणि त्या फाइल मागे मागे चाळत सहा वर्षांपूर्वीच्या पानावर थांबल्या.

"लघवीत प्रोटीन जायला लागलं होतं, म्हणून ही गोळी सुरू केलेली दिसते. ती बंद कोणी केली?"

"मी," ताई म्हणाली.

"कशासाठी?"

"रिपोर्ट बिघडला. महिन्याभरात क्रिएटिनिन पॉइंट सातचं पॉइंट नऊ झालं. गोळी थांबवली तर पुन्हा पॉइंट सात. शेवटी तक्ता लावलाय मी."

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. पट्टीने आखलेले रकाने, तारखा, एकही खाडाखोड नाही. लघवीच्या तपासणीचा रकाना मात्र त्यात नव्हता.

"तेव्हा यांच्या किडन्या गरजेपेक्षा जास्त काम करत होत्या," त्या म्हणाल्या. "डायबेटिसमध्ये सुरुवातीला होतं असं. आतल्या बारीक गाळण्यांवर दाब वाढतो, रक्त जोरात गाळलं जातं, आणि क्रिएटिनिनचा आकडा निरोगी माणसापेक्षाही कमी, छान दिसतो. पण त्या दाबानेच गाळण्या खराब होतात. काही बंद पडल्या की त्यांचं काम उरलेल्यांवर येतं, मग त्याही लवकर जातात. ही गोळी तो दाब उतरवते. दाब उतरला की गाळणं थोडं मंदावतं, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढतं."

"म्हणजे वाढलं ते बरोबर होतं."

"एवढं वाढणं अपेक्षितच होतं. गोळी लागू पडत होती."

ताईने मान हलवली. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं; काहीच झालं नाही. टेबलाच्या काचेखाली कोणाची तरी जुनी पावती सरकून अडकली होती, ती वाचत राहिली.

"चालू ठेवली असती तर?"

"नक्की नाही सांगता येणार. झीज बहुतेक सावकाश झाली असती. तेव्हाच्या डॉक्टरांनी तुम्हाला हे समजावलं नव्हतं?"

"महिन्याने रिपोर्ट घेऊन भेटा म्हणाले होते. आकडा जागेवर आला, म्हणून मी गेले नाही."

डॉक्टरांनी गोळी पुन्हा लिहून दिली, लहान मात्रेत, आणि दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं. "त्यांना मी सांगू का?" त्यांनी विचारलं.

"नको. मी सांगते."

तिने बसथांब्यावर सांगितलं, सगळं, जसं ऐकलं तसं, मधलं काही न गाळता. छोट्या कोपरावरचा कापूस दाबून ऐकत होता.

"किडनीचं काम किती उरलंय?"

"पस्तीस टक्के."

"दोन्ही मिळून?"

"दोन्ही मिळून."

बस आली. त्यांची नव्हती, गेली.

"बंद करताना तू मला विचारलं होतंस," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं, तुला वाटेल ते कर."

"तुला काय कळत होतं त्यातलं?"

"तुला तरी काय कळत होतं, ताई?"

तो रागावून बोलला नव्हता. रागावला असता तर तिला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. एका वेळापत्रकातल्या चार चुका तिने काढल्या, पाचवी नव्हतीच. मालक म्हणाले, ताईंच्या हातून सुटत नाही काही. ती बरं म्हणाली आणि पुढचा गठ्ठा घेतला. रडू येईल म्हणून तिने पर्समध्ये जास्तीचा रुमाल ठेवला होता. आठवडाभर तो घडी न मोडता तसाच राहिला.

छोट्याने शिडीवरची कामं सोडली. चक्कर येऊन काचेसकट खाली आलो तर किडनीचा प्रश्नच मिटेल, असं म्हणून त्याने दुकानात मापं घ्यायचं काम मागून घेतलं. गोळ्यांचा डबा आपल्या कपाटात नेला. ताईने बघितलं, अडवलं नाही.

दोन आठवड्यांनी दवाखान्यातून फोन आला तो छोट्यानेच घेतला.

"क्रिएटिनिन दोन पॉइंट एकचं दोन पॉइंट तीन झालंय," फोन ठेवून तो म्हणाला. "पोटॅशियम ठीक आहे. गोळी चालू ठेवा म्हणाल्या."

ताई ताटं मांडत होती. तिचा हात थांबला, मग चालू झाला.

"चिडलायस का माझ्यावर?"

छोट्याने खुर्ची ओढली.

"अजून कळत नाहीये," तो म्हणाला. "बस तू पण."

ती त्याच्यासमोर बसली आणि दोघं जेवली.